संगणकाची तबकडी : खोक्यावरचा वेग आणि रोजच्या कामातला वेग

संगणक हे यंत्र आता आपल्यापैकी कोणासही अपरिचित राहिलेले नाही. नरोलीसारख्या गावातही दुकानाच्या पावत्या, पंचायतीचे दाखले, कारखान्यांतील हजेरी आणि विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज ही सर्व कामे त्यावर चालतात. परंतु यंत्र घरात आले म्हणजे त्याची विद्याही घरात आली, असे होत नाही. संगणक मंद चालू लागला की ‘हा आता जुना झाला, नवा घ्या’ असा सल्ला चोहीकडून मिळतो. नवा घ्यावयास गेले की विक्रेता खोक्यावरचा एक मोठा आकडा दाखवितो आणि त्या आकड्याच्या बळावर अधिक पैसे मागतो. तो आकडा खोटा नसतो; मात्र तो आपल्या कामाचा असतोच असेही नाही.

आम्हां शिक्षकांस पालक व संस्थाचालक याविषयी वारंवार विचारतात. म्हणून या महोत्सवी स्मरणिकेसाठी अभ्यासलेख लिहिताना आम्ही हाच विषय घेतला. यात केवळ यंत्राचा प्रश्न नाही. ट्रस्टच्या पेटीत पडणारा प्रत्येक रुपया कोणीतरी आपल्या गरजेतून काढून दिलेला असतो. ज्या संगणकाचा एकच भाग बदलून काम भागले असते, तो संपूर्ण टाकून दिला, तर त्या रुपयाचा अपव्यय झाला. उलट ज्या संगणकाचा रोग दुसराच आहे, त्याचा हा भाग बदलला, तर तोही अपव्ययच. या दोहोंतील फरक ओळखण्यास थोडे शास्त्र व थोडे अंकगणित पुरे होते. पाचवी-सहावीच्या मुलास जमेल इतकेच ते गणित आहे. वाचकांनी धीर सोडू नये.

१. टेबल आणि कपाट

कचेरीतला कारकून काम करताना कागद टेबलावर घेतो आणि काम झाले की कपाटात ठेवतो. संगणकातही अशा दोन जागा असतात. टेबल म्हणजे ‘रॅम’ नावाची स्मृती. वीज गेली की ती कोरी होते. कपाट म्हणजे हार्ड डिस्क, किंवा तिची धाकटी बहीण एसएसडी; वीज गेली तरी तिच्यातले कायम राहते. संगणक सुरू करणे म्हणजे कपाटातून शेकडो कागद काढून टेबलावर मांडणे होय.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामास लागला. त्याचे टेबल चुंबकीय कड्यांचे असून त्यावर केवळ २०४८ संख्या मावत असत. आज शाळेतल्या साध्या संगणकाचे टेबल ४ किंवा ८ जीबीचे, म्हणजे अब्जावधी अक्षरांचे असते. तरीही ते अपुरे पडते, कारण आजच्या प्रणालींचा पसाराही तितकाच वाढला आहे. टेबल लहान असले की कारकुनास एक कागद ठेवून दुसरा आणण्यासाठी सारखे कपाटाकडे धावावे लागते. म्हणून संगणकाच्या मंदपणाचा विचार करताना टेबल व कपाट दोन्ही पाहावी लागतात, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

२. तबकडीची घडण

ज्यांनी जुन्या काळचा फोनो पाहिला आहे, त्यांना हार्ड डिस्क समजण्यास अडचण पडणार नाही. बंद पेटीत एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या एका दांड्यावर फिरत असतात. त्यांवर चुंबकीय लेप असतो. एका हलत्या हाताच्या टोकाशी वाचणारे व लिहिणारे सूक्ष्म हेड असते. फोनोची सुई तबकडीला टेकलेली असते. हे हेड मात्र हवेच्या पातळ थरावर तरंगते. तबकडी व हेड यांतील अंतर काही नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी असते. चालू तबकडीला धक्का बसला किंवा ती हातातून पडली, तर हेड तबकडीस घासते आणि लिहिलेले कायमचे जाते. चालू लॅपटॉप ह्या हातातून त्या हातात देऊ नये, असे आम्ही मुलांना बजावतो, ते याच कारणाने.

हवी ती नोंद वाचण्यासाठी तबकडीस दोन वेळा थांबावे लागते. प्रथम हात योग्य वर्तुळावर सरकला पाहिजे. त्यानंतर तबकडी फिरत फिरत ती नोंद हेडखाली येईपर्यंत वाट पाहिली पाहिजे. पहिल्या थांब्यास सरासरी ९ ते १२ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

दुसरा थांबा आपणच मोजू. टेबलावरच्या संगणकातील तबकडी बहुधा मिनिटास ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदास १२० फेरे; एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद. नोंद कधी लगेच सापडेल, कधी पुरा फेरा घ्यावा लागेल. सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. लॅपटॉपमधील तबकडी बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते. तिचा अर्धा फेरा ५.६ मिलिसेकंदांचा होतो. दोन्ही थांबे मिळवले, तर एक नोंद शोधण्यास पहिल्या तबकडीला सुमारे १३ आणि दुसरीला सुमारे १७ ते १८ मिलिसेकंद लागतात.

पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो, मग एवढ्या अल्प काळाची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु संगणक एका नोंदीवर थांबत नाही, त्यास हजारो नोंदी लागतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसा हा वेळ साचतो.

३. तबकडी वाढली, पण धाव वाढली नाही

जगातील पहिली हार्ड डिस्क अमेरिकेतील आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर केली. ‘रॅमॅक’ नावाच्या संगणकासोबत ती येत असे. तिच्यात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. वजन सुमारे एक टन. इतक्या अवाढव्य यंत्रात अक्षरे मावत ती ५० लाख, आजच्या मापाने ३.७५ एमबी. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही आज तेवढी जागा घेते. ती तबकडी मिनिटास १२०० फेरे घेई आणि एक नोंद शोधण्यास तिला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत.

आता आजच्या १ टीबीच्या घरगुती तबकडीशी तिची तुलना करू. साठवण २ लाख ६० हजारांहून अधिक पटींनी वाढली. या वाढीमागे मोठे संशोधन आहे. १९८८ साली आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे एक चुंबकीय परिणाम शोधून काढला. त्याच्या आधारे अतिसूक्ष्म चुंबकीय खुणा वाचणारे हेड तयार झाले, आणि २००७ साली त्या दोघांस भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु फेऱ्यांचा वेग पाहिला, तर तो १२०० वरून ७२०० वर आला, म्हणजे फक्त सहा पट. नोंद शोधण्याचा वेळ ६०० वरून १३ वर आला, म्हणजे सुमारे ४६ पट सुधारला.

या दोन आकड्यांतील तफावत हाच आमच्या विवेचनाचा गाभा आहे. कपाट लाखो पटींनी मोठे झाले, पण त्यातून कागद काढून देणारा शिपाई थोडासाच चपळ झाला. कारण उघड आहे. धातूच्या हातास जागेवरून हलावे लागते, आणि फिरणाऱ्या वस्तूस फेरा पुरा करावाच लागतो.

४. फेरे न घेणारे कपाट

एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, हिच्यात फिरणारे व हलणारे काहीच नसते. सिलिकॉनच्या चिपांवरील अगणित सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. त्या भाराच्या कमी-अधिकपणावरून नोंद वाचली जाते. या ‘फ्लॅश’ स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ साली त्यांनी ती प्रथम जगापुढे मांडली. आज सर्वत्र वापरात असलेला तिचा ‘नँड’ हा प्रकार १९८७ साली पुढे आला.

या विद्येस भारतीय हातही लागलेले आहेत. कानपूर येथे जन्मलेले संजय मेहरोत्रा हे १९८८ साली स्थापन झालेल्या सॅनडिस्क कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक होत. त्या कंपनीने १९९१ साली अवघ्या २० एमबीची एसएसडी तयार केली. पुढे मेहरोत्रा हे मायक्रॉन या स्मृतीच्या चिपा बनविणाऱ्या मोठ्या कंपनीचे प्रमुख झाले. त्याच कंपनीने जून २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेत, साणंद येथे, चिपांची जुळणी व तपासणी करणारा कारखाना जाहीर केला. सिल्व्हासाच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी शोधणाऱ्या आपल्या तरुणांनी ह्या दिशेलाही नजर टाकावी, अशी आमची सूचना आहे.

साध्या एसएसडीस एक नोंद शोधण्यास सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो. तबकडीचे १३ आणि हिचा एक-दशांश. म्हणजे १३० पटींचा फरक. १९५६ पासूनच्या काळात तबकडीने जितकी मजल मारली, त्याहून मोठी मजल ह्या एका बदलाने मारली.

५. टपालवाल्याचे दोन फेरे

आता रोजच्या कामाकडे वळू. एका टपालवाल्यास शंभर पत्रे दिली आणि ती सर्व एकाच कारखान्याच्या दारात टाकावयाची असली, तर काम एका खेपेत होते. तीच शंभर पत्रे शंभर वेगवेगळ्या घरी द्यावयाची, निम्मी दमणगंगेच्या अलीकडे आणि निम्मी पलीकडे असली, तर त्याचा दिवस मोडतो. पत्रांचे ओझे दोन्ही वेळा सारखेच, पण वेळ मात्र सारखा नाही.

संगणकाची कामे अशीच दोन प्रकारची असतात. चित्रपटाची एकच मोठी फाइल उतरविणे हे पहिल्या प्रकारचे काम. यात तबकडीचा हात एकदा जागेवर गेला की नोंदी ओळीने येत राहतात. संगणक सुरू होणे, एखादी प्रणाली उघडणे, विषाणूंचा तपास, हजारो लहान छायाचित्रांची सूची दिसणे ही सर्व दुसऱ्या प्रकारची कामे. यात नोंदी विखुरलेल्या असतात आणि दरेक नोंदीस नवा फेरा पडतो.

पहिल्या प्रकारचे उदाहरण घेऊ. लग्नाच्या चित्रणाची ४ जीबीची, म्हणजे ४००० एमबीची, एक फाइल वाचावयाची आहे. लॅपटॉपची तबकडी सेकंदास १०० एमबी देते असे धरले, तर ४० सेकंद लागतील. मोठ्या तबकडीने १६० एमबी दिल्यास २५ सेकंद. साध्या, म्हणजे साटा जातीच्या, एसएसडीने ५०० एमबी दिल्यास ८ सेकंद. एनव्हीएमई जातीच्या वेगवान एसएसडीने ३००० एमबी दिल्यास दीड सेकंदाच्या आत.

आता दुसऱ्या प्रकारचे उदाहरण. विखुरलेल्या १०,००० लहान नोंदी वाचावयाच्या आहेत. लॅपटॉपच्या तबकडीस दरेकी १७.६ मिलिसेकंद धरल्यास १७६ सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटे. मोठ्या तबकडीस दरेकी १३.२ प्रमाणे १३२ सेकंद. साध्या एसएसडीस दरेकी ०.१ प्रमाणे फक्त १ सेकंद. वेगवान एसएसडीस याच्या निम्मा वेळ लागला असे धरले, तर अर्धा सेकंद. प्रत्यक्षात संगणक नोंदींचा क्रम लावून घेतो आणि काही नोंदी आगाऊ आणून ठेवतो, त्यामुळे तबकडीची वेळ याहून काहीशी कमी भरते. प्रमाण मात्र यावरून बरोबर कळते.

६. आकड्यांचे मर्म

वाचकांनी वरील दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. खोक्यावर ५००, ३००० असे जे आकडे छापलेले असतात, ते पहिल्या उदाहरणातले, म्हणजे एका खेपेच्या टपालाचे असतात. आपले रोजचे काम बहुतांशी दुसऱ्या उदाहरणातले असते. तबकडी काढून साधी एसएसडी बसविली, तर १३२ सेकंदांचा १ सेकंद होतो. १३१ सेकंद वाचतात. साधी काढून वेगवान बसविली, तर खोक्यावरचा आकडा सहा पट वाढतो, पण आपला अर्धाच सेकंद वाचतो. पहिला बदल घरातल्या आजीलाही जाणवेल. दुसरा घड्याळ घेऊन बसल्याशिवाय समजणार नाही. जो मनुष्य रोज मोठमोठ्या चित्रफितींचे संपादन करतो, त्याने वेगवान अवश्य घ्यावी. पत्रे लिहिणाऱ्याने, हिशोब ठेवणाऱ्याने, अभ्यास करणाऱ्याने त्या आकड्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरे मर्म असे की, साखळीतील सर्वांत मंद कडी साऱ्या कामाचा वेग ठरविते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपली म्हण आहे. येथे उलटा प्रकार होतो. आड तुडुंब असतो, पण पोहरा लहान पडतो. यूएसबी २ जातीच्या जुन्या खाचेतून प्रत्यक्षात सेकंदास ३० ते ४० एमबी इतकेच जाते. तेथे जोडलेली एसएसडी कितीही वेगवान असली, तरी ४ जीबीची फाइल पोहोचण्यास दोन मिनिटांच्या आसपास लागणारच.

तिसरे मर्म. समजा, एखादी प्रणाली उघडण्यास २० सेकंद लागतात. त्यांपैकी १५ तबकडीचे आणि ५ प्रोसेसरचे. तबकडीच्या जागी शंभर पट चपळ कपाट बसविले, तरी प्रोसेसरचे ५ सेकंद राहतातच. म्हणून ‘शंभर पट वेगवान’ असे ऐकून कोणी संगणक शंभर पट धावेल अशी आशा धरू नये. तो चौपट धावला तरी फार झाले. इंटरनेटवरील पान उघडावयास वेळ लागत असेल, तर त्याचे कारण बहुधा तारेत किंवा मोबाइलच्या मनोऱ्यात असते. तेथे कपाट बदलून काही साधत नाही.

७. घरी करून पाहण्याचा प्रयोग

शास्त्र वाचून समजते आणि करून पटते. घरातील मुलांनी सुटीच्या दिवशी पुढील प्रयोग करावा. यास मोबाइलमधील घड्याळ, वही आणि पेन्सिल पुरे.

एक, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. कळ दाबल्यापासून पडद्यावर काम करता येईपर्यंतचा वेळ लिहावा. दोन, त्यानंतर लगेच लिहिण्याची प्रणाली उघडावी आणि वेळ लिहावा. तीन, ती बंद करून तीच पुन्हा उघडावी. या खेपेस ती पुष्कळ लवकर उघडेल, कारण कागद अजून टेबलावरच पडलेले असतात. कपाटाकडे जावेच लागत नाही. यासाठीच दोन कपाटांची तुलना करताना दर खेपेस संगणक नव्याने सुरू करावा लागतो. दुकानात दुसऱ्यांदा उघडून दाखविलेल्या प्रणालीवरून वेग ठरवू नये.

चार, सारे प्रयोग तीन-तीन वेळा करून मधला आकडा घ्यावा. पाच, तुलना दोन निराळ्या संगणकांवर करू नये; त्यांचे प्रोसेसर व टेबल भिन्न असल्याने कोणाचे श्रेय कोणास द्यावे हे कळत नाही. एकाच संगणकात कपाट बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर मोजावे. नव्या प्रणालीची आपोआप होणारी दुरुस्ती चालू असताना मोजू नये. ती आटोपू द्यावी.

मंदपणाचे निदानही घरच्या घरी होते. विंडोज प्रणालीत ‘टास्क मॅनेजर’ नावाचा तक्ता उघडता येतो. संगणक अडखळत असताना त्यात डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांस टेकलेला आणि प्रोसेसर मात्र निवांत दिसला, तर कपाट दोषी असल्याचा संशय बळावतो. तेव्हाच मेमरीचाही आकडा पाहावा. तीही काठोकाठ भरलेली असेल, तर टेबल अपुरे पडून कपाटास धावपळ होत आहे. अशा वेळी प्रथम रॅम वाढवावी. तिन्ही आकडे खाली असूनही पान उघडत नसेल, तर बहुधा इंटरनेटच मंद आहे.

८. खरेदीविषयी काही सूचना

जुना संगणक टाकण्यापूर्वी त्याची तबकडी काढून तेथे अडीच इंची साटा एसएसडी बसते काय, हे जाणकारास विचारावे. बहुतेक जुन्या लॅपटॉपांत व टेबलावरच्या संगणकांत ती बसते, आणि खर्च नव्या संगणकाच्या मानाने फार थोडा येतो. एनव्हीएमई जातीसाठी मात्र ‘एम.२’ नावाची निराळी खाच लागते. त्या खाचेत बसणाऱ्या पट्ट्या साटा व एनव्हीएमई अशा दोन्ही जातींच्या असून दिसावयास जवळजवळ सारख्याच असतात. आपला संगणक कोणती स्वीकारतो, हे आधी पाहून घ्यावे.

कपाट बदलून वेग मिळाला, तरी प्रणालीचे वय तसेच राहते हेही सांगितले पाहिजे. मायक्रॉसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. अशा संगणकांस लिनक्स जातीची मोफत प्रणाली घालता येते. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ प्रणाली त्यांपैकीच असून तिच्यात मराठीतही काम करता येते. पत्रव्यवहार, हिशोब आणि विद्यार्थ्यांचा सराव यांस ती पुरेशी आहे.

१ टीबीची तबकडी घेतली आणि संगणक ९३१ जीबीच दाखवितो, मग दुकानदाराने फसविले काय, असा प्रश्न पुष्कळ जण करतात. फसवणूक नव्हे, मापे दोन आहेत. बनविणारा १००० चा हजार धरतो आणि विंडोज १०२४ चा धरते. असे तीन वेळा भागल्याने १००० चे ९३१ होतात. पक्का शेर आणि कच्चा शेर यांची आठवण असणाऱ्या वडीलधाऱ्यांस हे सहज पटेल.

स्वस्त व मोठ्या तबकड्यांपैकी काहींत नोंदींच्या ओळी कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढविलेल्या असतात. कौलारू छपरातील मधले एक कौल बदलावयाचे तर शेजारची काही उचलावी लागतात. तसेच येथेही जुन्या नोंदीत बदल करताना शेजारच्या ओळी पुन्हा लिहाव्या लागतात. साठवण करून ठेवण्यास अशी तबकडी चालते. रोजच्या लिहिण्या-पुसण्याच्या कामी ती रेंगाळते. स्वस्त एसएसडीही काठोकाठ भरली की मंदावते, म्हणून तिच्यात थोडी जागा सदैव मोकळी ठेवावी.

९. वेगाहून मोठी गोष्ट

एवढे विवेचन वाचून तबकडी निकामी झाली, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. समान पैशांत तबकडी अधिक साठवण देते. एसएसडीच्या कप्प्यांतील विद्युतभार वीज न मिळाल्यास कालांतराने झिरपतो. ती वर्षानुवर्षे कपाटात बंद करून ठेवण्याची वस्तू नव्हे. म्हणून रोजचे काम एसएसडीवर आणि साठवण तबकडीवर, ही वाटणी उत्तम.

मात्र कोणतेही साधन अमर नाही. तबकडी बंद पडण्यापूर्वी कधी कधी खडखडते. एसएसडी काही न बोलता एकाएकी जाते. पावसाळ्यात वीज ये-जा करते, त्याने दोहोंसही धोका पोहोचतो. यावर जाणत्यांचा नियम साधा आहे : महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या जातींच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी असावी.

दुसऱ्या जागेचे महत्त्व नरोलीकरांस निराळे सांगावयास नको. २८ जुलै १९५४ रोजी नरोली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली, तेव्हा दमणगंगेस पूर होता आणि पलीकडून फौजेस येणे कठीण होते. नदी एका तीरास दुसऱ्यापासून तोडू शकते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. ज्या पुराने, आगीने किंवा विजेच्या लोळाने अलीकडचे कपाट नष्ट होईल, त्याने पलीकडचे सहसा होणार नाही. म्हणून एक प्रत नरोलीस व एक सिल्व्हासास ठेवावी. कागद खाजगी असतील, तर त्यांस संकेतशब्दाचे कुलूप घालावे.

आपल्या घराघरांतून पोर्तुगीज काळातील जमिनीचे कागद, वाडवडिलांची छायाचित्रे, निकाहनामे, शाळेचे जुने दाखले पडलेले आहेत. ट्रस्टच्या दप्तरात देणगीदारांच्या नोंदी आणि सभांची इतिवृत्ते आहेत. कसर आणि ओल यांच्या तडाख्यातून जे वाचले आहे, ते आता संगणकात उतरविण्याचे काम तरुणांनी हाती घ्यावे. उतरविलेला कागद एका सेकंदात उघडतो की दोन, यास फारसे महत्त्व नाही. पंचवीस वर्षांनी कोणी नातू आपल्या पणजोबांची सही पाहू इच्छील, तेव्हा ती सापडली पाहिजे.

तेव्हा या महोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळास व सर्व कुटुंबांस आमची विनंती इतकीच आहे. नवा संगणक घेण्यापूर्वी जुन्याचे निदान करावे. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा आपल्या वहीतल्या आकड्यावर विश्वास ठेवावा. आणि त्यातून जे पैसे वाचतील, त्यांतून प्रथम प्रती ठेवण्यासाठी एक बाहेरची तबकडी घ्यावी. ती कोणाच्या ताब्यात राहील आणि दर महिन्याच्या कोणत्या तारखेस प्रत उतरवावयाची, हे येत्या सभेतच ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवावे.